न पोहोचलेल्या प्रकाशाचा इतिहास

अहमदनगरच्या (२०२४ पासून अधिकृत नावाने अहिल्यानगरच्या) भुईकोट किल्ल्याचे नाव साहित्याच्या वर्गात निघते ते बहुधा दोन पुस्तकांच्या निमित्ताने. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांची धरपकड झाली आणि त्यांना येथे आणून ठेवण्यात आले. कोठे ठेवले आहे, हे सरकारने सुरुवातीला जाहीरही केले नव्हते. येथेच मौलाना आझादांनी आपले मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून पत्रे लिहिली. ती टपालात पडणार नाहीत हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते. सुटकेनंतर १९४६ मध्ये ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ग्रंथरूप झाली. येथेच नेहरूंनी एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ची सुमारे हजार हस्तलिखित पाने भरली. बागेतले वाफे खणताना जुन्या भिंतींचे अवशेष हाती लागत, आणि त्यावरून त्यांचे मन चांदबिबीकडे वळे, हा त्या ग्रंथातील प्रसंग आमच्या बहुतेक वाचकांच्या वाचनात आला असेल.

याच सुमारास, म्हणजे १२ मार्च १९४४ रोजी, बंगळूरहून एक तिसरे लेखन रवाना झाले. इतिहासाच्या पुस्तकांत ते नेहरूंच्या ग्रंथाशेजारी क्वचितच ठेवले जाते. होमी भाभा यांनी सर दोराबजी टाटा न्यासाचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना पत्र लिहून मूलभूत भौतिकशास्त्राच्या संशोधनासाठी संस्था काढण्याचा प्रस्ताव मांडला. त्या पत्रातून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली आणि वर्षअखेरीस ती मुंबईला आली. नेहरू त्या वेळी नगरच्या कोठडीत होते. पत्र लिहिणारा आणि पुढे त्या कामाला राज्यसत्तेचे पाठबळ देणारा, या दोघांमधले अंतर तेव्हा तुरुंगाच्या भिंतीइतके होते. आम्हांला या लेखात जे सांगायचे आहे त्याचा एक धागा भाभांच्या त्या कामापासून निघतो. विषय मात्र दूरचा आहे, अक्षरशः कोट्यवधी प्रकाशवर्षे दूरचा: सक्रिय दीर्घिकांतून निघालेले गॅमा किरण आपल्यापर्यंत कसे येतात आणि पुष्कळदा का येत नाहीत. साहित्याच्या वाचकाला या विषयाशी काय कर्तव्य, असा प्रश्न पडेल. आमचे उत्तर लेखाच्या ओघात यावे, अशी इच्छा आहे.

प्रथम किरण निघतात कोठून ते पाहू. १९४३ मध्ये, म्हणजे नगरच्या किल्ल्यातील बंदिवासाच्या दुसऱ्याच वर्षी, कार्ल सायफर्ट या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने काही सर्पिल दीर्घिकांच्या केंद्रभागी विलक्षण प्रखर प्रकाश दिसतो, अशी नोंद केली. आज आपण अशांना सक्रिय दीर्घिका म्हणतो. केंद्रस्थानी सूर्याच्या कित्येक लाख ते काही अब्ज पट वस्तुमानाचे कृष्णविवर असते. त्यात पडणारे द्रव्य तापते, आणि काही दीर्घिकांत त्यातील थोडा भाग जवळजवळ प्रकाशवेगाने दोन विरुद्ध दिशांना झोताच्या रूपाने बाहेर फेकला जातो. असा झोत योगायोगाने नेमका आपल्या दिशेने असला तर त्या दीर्घिकेला ब्लेझार म्हणतात. त्यातून येणाऱ्या गॅमा किरणांच्या एकेका कणाची ऊर्जा एक लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट असू शकते. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या कणाची ऊर्जा दोनेक इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, एवढे सांगितले म्हणजे अंतर कळावे.

आता वाट. नगर जिल्ह्यातील नेवाशाला ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीताटीका सांगितली असे मानतात, त्याला ‘पैस’ म्हणतात. दुर्गाबाई भागवतांच्या ललितलेखसंग्रहामुळे तो शब्द नव्या मराठी वाचकांच्या ओठी आला. पैस म्हणजे विस्तार, ऐसपैस जागा, अवकाश. दीर्घिकांमधला पैस रिकामा आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते, आणि साध्या प्रकाशापुरती ती जवळजवळ खरी आहे. गॅमा किरणांना मात्र तो रिकामा नाही. आजवर चमकलेल्या सर्व ताऱ्यांचा प्रकाश, आणि त्यातला जो धुळीने शोषून उष्णतेच्या रूपात पुन्हा सोडला तो अवरक्त प्रकाश, हे दोन्ही विझून जात नाहीत. ते अवकाशात फिरत राहतात. हा विश्वाचा पार्श्वप्रकाश. त्याशिवाय महास्फोटाचा अवशेष असलेली सूक्ष्मलहरी प्रारणे आहेतच, दर घनसेंटिमीटरला सुमारे ४११ कण.

प्रकाशावर प्रकाश आदळला तर काय होते? नेहमीच्या अनुभवात काहीच होत नाही. दोन विजेऱ्यांचे झोत एकमेकांतून निमूटपणे पार होतात. परंतु १९३४ मध्ये ग्रेगरी ब्रेट आणि जॉन व्हीलर यांनी गणिताने दाखवले, की दोन प्रकाशकणांच्या ऊर्जांचा गुणाकार एका मर्यादेपलीकडे गेला तर दोन्ही नाहीसे होऊन त्यांच्या जागी एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन अशी जोडी जन्मते. प्रयोगशाळेत असे काही पाहता येईल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. विश्वाने मात्र हा प्रयोग फार पूर्वीच मांडून ठेवला आहे. लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा कण आणि एखाद्या ताऱ्यापासून निघालेला जेमतेम एक इलेक्ट्रॉनव्होल्टचा अवरक्ताच्या सीमेवरचा कण समोरासमोर आले, की ती मर्यादा ओलांडली जाते. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ निकिशोव्ह यांनी १९६१ मध्ये हे मांडले, तेव्हा आकाशात अशा ऊर्जेचा एकही गॅमा स्रोत कोणाला सापडलेला नव्हता. प्रवासी दिसण्याआधीच वाटेतल्या धोक्याचा हिशेब झाला, असा हा प्रकार.

१९६५ मध्ये सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारणाचा शोध लागताच पुढच्याच वर्षी ब्रिटनचे जॉन जेली आणि अमेरिकेचे गूल्ड व श्रेडर यांनी दाखवून दिले, की आणखी हजारपट ऊर्जेच्या गॅमा किरणांना या प्रारणातून फार लांब जाता येणार नाही. सुमारे तीस हजार प्रकाशवर्षे, म्हणजे आपल्या दीर्घिकेच्या व्यासाहूनही कमी. त्या ऊर्जेला दूरच्या दीर्घिकांचे दार कायमचे बंद आहे. उरतो तो मधला टप्पा, जिथे दार अर्धवट उघडे आहे. या लेखातील सगळी कथा त्या अर्धवट दाराची आहे.

जेली हे नाव येथे दुसऱ्यांदा आणावे लागते, कारण असे किरण ‘पाहण्याची’ युक्तीही त्यांच्याच हातून सिद्ध झाली होती. गॅमा किरण जमिनीपर्यंत येत नाहीत. वातावरणाच्या वरच्या थरात ते एखाद्या अणुकेंद्राजवळ मोडतात, इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी होते, ती जोडी पुन्हा प्रारण सोडते, त्यातून पुन्हा जोड्या, अशी कणांची सर कोसळते. या सरीचे गणित १९३७ मध्ये भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी मांडले. (त्याच वर्षी अमेरिकेत कार्लसन आणि ओपेनहायमर यांनी स्वतंत्रपणे.) सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या भाभांचे जगभर नाव झाले ते या कामामुळे, आणि सकलातवालांना पत्र लिहिणाऱ्या माणसाची पुण्याई मुख्यत्वे हीच होती. सरीतले कण हवेतील प्रकाशापेक्षा वेगाने धावतात आणि निळसर चेरेन्कॉव्ह प्रकाश सोडतात. पॅट्रिक ब्लॅकेट यांनी १९४८ मध्ये हिशेब केला, की रात्रीच्या आकाशातल्या उजेडाचा दहा हजारावा भाग या मार्गाने येत असावा. हे तेच ब्लॅकेट, ज्यांनी पुढे नेहरूंच्या सरकारला संरक्षण-संशोधनाबाबत सल्ला दिला. तो लुकलुकाट टिपण्याकरिता हार्वेल येथे गॅलब्रेथ आणि जेली यांनी जे उपकरण केले त्याचे वर्णन वाचून कोणालाही हसू येईल: आतून काळा रंग दिलेला कचऱ्याचा डबा, तळाशी छोटा आरसा आणि वर एक प्रकाशसंवेदी नळी. १९५३ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सेकंदाच्या काही अब्जांश भागांत संपणारी चमक त्या डब्याने पकडली होती.

भारतात हे काम १९६९ च्या सुमारास उटीला सुरू झाले. पल्सार नुकतेच सापडले होते, आणि टाटा संस्थेच्या वैज्ञानिकांनी सर्चलाइटचे आरसे वापरून त्यांच्याकडून गॅमा किरण येतात का, हे पाहण्यास आरंभ केला. शत्रूची विमाने शोधण्यासाठी वर प्रकाश फेकणाऱ्या दिव्यांच्या आरशांनी आता वरून येणारा प्रकाश गोळा करायचा होता. आम्ही लष्करी छावणीच्या गावचे असल्याने या तपशिलाचे आम्हांला जरा जास्तच अप्रूप वाटते. पुढे उटीचा पसारा मध्य प्रदेशात पचमढीला गेला. भाभा अणुसंशोधन केंद्राने प्रथम गुलमर्गला आणि नंतर अबूच्या पहाडावर दुर्बिणी उभ्या केल्या.

या शाखेची पहिली दोन-तीन दशके फार निराशेची होती, हे नमूद केले पाहिजे. स्रोत सापडल्याचे दावे होत आणि विरत. गॅमा किरणांच्या सरी आणि साध्या विश्वकिरणांच्या सरी वेगळ्या ओळखता येत नव्हत्या. दुसऱ्या प्रकारच्या सरी कितीतरी अधिक असतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल हिलस यांनी १९८५ मध्ये सरीच्या प्रतिमेच्या आकारावरून निवड करण्याची रीत सांगितली. अ‍ॅरिझोनातील व्हिपल वेधशाळेच्या दहा मीटर दुर्बिणीने तिच्या आधारे १९८९ मध्ये क्रॅब तेजोमेघ निर्विवादपणे टिपला, आणि १९९२ मध्ये पहिली दूरची दीर्घिका, मार्केरियन ४२१. अर्मेनियन खगोलशास्त्रज्ञ बेन्यामिन मार्केरियन यांच्या यादीतील हे नाव. अंतर सुमारे चाळीस कोटी प्रकाशवर्षे.

विशेष म्हणजे त्या वेळी उपग्रहावरील उपकरणांना कमी ऊर्जेच्या गॅमा किरणांत कितीतरी तेजस्वी ब्लेझार दिसत होते. व्हिपलला त्यांपैकी सर्वांत फिक्या, पण सर्वांत जवळच्यांपैकी एक असलेल्या ब्लेझारचेच उच्च ऊर्जेचे किरण मिळाले. तेजस्वी होते ते दूर होते. त्यांचे तीव्र किरण वाटेत गळून पडले असावेत, असा तर्क स्टेकर, डी यागर आणि सॅलमन यांनी त्याच वर्षी मांडला आणि पुढे सुचवले, की ही गळतीच मोजली तर वाटेवरचा पार्श्वप्रकाश मोजला जाईल.

हा पार्श्वप्रकाश थेट मोजणे का अवघड, याचा उलगडा एका जुन्या प्रश्नाकडे जाताना होतो. तारे अगणित असतील तर रात्र काळी का, हा ओल्बर्स यांच्या नावाने ओळखला जाणारा प्रश्न. त्याच्या उत्तराजवळ सर्वांत आधी पोहोचणाऱ्यांत एक कवी होता, हे साहित्याच्या अभ्यासकांनी विसरू नये. एडगर अ‍ॅलन पो यांनी १८४८ च्या ‘युरेका’ या गद्यकाव्यात सुचवले, की अतिदूरच्या ताऱ्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत अजून पोहोचलेलाच नसावा. विश्वाचे वय मर्यादित आहे, म्हणून रात्र काळी आहे. तरी ती पूर्ण काळी नाही. जो काही उजेड उरतो तोच हा पार्श्वप्रकाश. पण आपण सूर्यमालेतल्या धुळीत बसलो आहोत, आणि त्या धुळीवरून परावर्तित होणारा सूर्यप्रकाश कितीतरी पट अधिक आहे. घरात दिवा लावून अंगणापलीकडच्या काजव्यांचा उजेड मोजण्यासारखे ते काम आहे.

१९९७ मध्ये मार्केरियन ५०१ ही दुसरी दीर्घिका भडकली. महिनोन् महिने ती तळपत राहिली. अबूच्या पहाडावरील टॅक्टिक दुर्बिणीनेही तिचे वेध घेतले. युरोपीय हेग्रा दुर्बिणींना तर तिचे किरण सोळा लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासपर्यंत दिसले, आणि येथे गोंधळ सुरू झाला. त्याच सुमारास कोबे उपग्रहाच्या नोंदींवरून अवरक्त पार्श्वप्रकाशाचे जे आकडे निघाले ते बरेच मोठे होते. तेवढी गळती धरून हिशेब उलटा केला, तर दीर्घिकेतून निघतानाचा किरणांचा पट शेवटी अचानक वर उसळताना दिसे. तसे होण्याचे कोणतेच कारण नव्हते. काहींनी आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धान्तालाच अतिउच्च ऊर्जेत तडा जात असावा, असे सुचवून पाहिले.

या अडचणीचे स्वरूप पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला चटकन ओळखू यावे. हाती आलेली प्रत खंडित आहे. किती मजकूर गळला हे सांगण्यासाठी मूळ संहिता माहीत हवी, आणि मूळ संहिता सांगण्यासाठी किती गळले ते माहीत हवे. नेवाशाला १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’च्या बाबतीत मूळ प्रत कोणाच्याच हाती नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी तिच्या शुद्धीचे काम केले, तेव्हा त्यांच्यापुढे होत्या त्या नकला. अशा वेळी दोन गोष्टी करता येतात. एक म्हणजे, मूळ लेखकाने काय लिहिणे शक्यच नव्हते याची मर्यादा घालणे. दुसरी म्हणजे अनेक प्रती शेजारी ठेवणे. भौतिकशास्त्रज्ञांनी नेमके हेच केले, आणि ते या क्रमानेच केले.

नामिबियातील हेस दुर्बिणींनी २००६ मध्ये दोनशे कोटी प्रकाशवर्षांहून दूरच्या दोन ब्लेझारांचे पट प्रसिद्ध केले. मर्यादा अशी घातली, की झोतातून निघणारा पट ज्ञात प्रक्रियांना शक्य आहे त्याहून ‘कठीण’ नसावा. त्यावरून पार्श्वप्रकाश कोबेच्या काळातील मोठ्या आकड्यांहून खूप कमी निघाला. हबल दुर्बिणीने मोजलेल्या दीर्घिकांचा प्रकाश एकत्र केला तर जेवढा भरतो, जवळजवळ तेवढाच. विश्व मानले होते त्यापेक्षा गॅमा किरणांना अधिक पारदर्शक ठरले आणि सापेक्षता सिद्धान्तावरचे ते बालंट बहुतांशी टळले. २००८ मध्ये मॅजिक दुर्बिणीने पाचशे कोटी वर्षांपूर्वी निघालेले ३सी २७९ या ब्लेझारचे किरण टिपल्याचे जाहीर केले.

दुसरी रीत फर्मी उपग्रहाची. ११ जून २००८ रोजी तो अवकाशात गेला. २०१८ मध्ये त्याच्या चमूने ७३९ ब्लेझारांचे पट एकत्र मांडून निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्येक ब्लेझारचा स्वभाव वेगळा, पण अंतर वाढेल तसा एकाच प्रकारचा खळगा सर्वांच्या पटात वाढत गेलेला दिसतो. एका लेखनिकाची चूक एका प्रतीत असते. सगळ्याच प्रतींत एकाच जागी मजकूर झिजलेला असेल, तर ती झीज वाटेतली. वेगवेगळ्या अंतरांवरच्या झिजेची तुलना करून कोणत्या काळात विश्वात किती तारे जन्मत होते, याचा सुमारे बाराशे कोटी वर्षांमागे जाणारा आलेख त्यांनी काढला. ताऱ्यांनी आजवर अवकाशात सोडलेल्या प्रकाशकणांची संख्याही दिली: चारावर चौऱ्याऐंशी शून्ये. या शोधनिबंधाच्या प्रमुख लेखकांपैकी एक, वैदेही पालिया, आज पुण्याच्या आयुकात संशोधन करतात.

आम्हांला या साऱ्यात जे मोलाचे वाटते ते सांगून टाकतो. येथे पुरावा म्हणून जे वापरले गेले ते आलेले किरण नव्हते. न आलेले किरण होते. ज्या ताऱ्यांना कोणतीही दुर्बीण वेगळे दाखवू शकत नाही, त्यांच्या असण्याची नोंद दुसऱ्याच कोणाच्या तरी गैरहजेरीत सापडली. इतिहासलेखनात मौनाला साधन मानण्याची भाषा आपल्याकडे गेल्या काही दशकांत फार झाली. ती कित्येकदा सैलपणे वापरली जाते, आणि तेथे कोणतेही मौन कशाचाही पुरावा ठरते. गॅमा किरणांच्या अभ्यासकांना ही सवलत नाही. न आलेल्या प्रत्येक किरणाचा हिशेब अंतर, ऊर्जा आणि मूळ पटाची मर्यादा या तिघांशी जुळावा लागतो, आणि जुळला नाही तेव्हा त्यांना दहा वर्षे थांबावे लागले.

हिशेब अजून पूर्ण झालेला नाही. वाटेत जन्मलेल्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्यांचे पुढे काय होते? त्या सूक्ष्मलहरी प्रारणातील कणांना धक्का देऊन कमी ऊर्जेचे नवे गॅमा किरण बनवतात. हवेतल्या सरीसाठी भाभा-हाइटलरांनी जी साखळी कल्पिली तिचीच ही दूरची भावंडे, फक्त येथे तिला लाखो-कोट्यवधी प्रकाशवर्षे लागतात. हे दुय्यम किरण मूळ किरणांच्या जागी दिसायला हवेत, पण काही ब्लेझारांच्या दिशेने ते अपेक्षेइतके दिसत नाहीत. २०१० मध्ये नेरोनॉव्ह आणि वोव्ह्क यांनी सुचवले, की दीर्घिकांमधल्या पैसात अतिक्षीण चुंबकीय क्षेत्र असावे आणि ते या जोड्यांना वाट चुकवत असावे. पृथ्वीच्या क्षेत्राच्या तुलनेत ते कोट्यवधी कोटी पटींनी कमी, तरी शून्य नाही. सर्वांना हे उत्तर मान्य नाही.

दूरचे किरण पाहायचे तर कमी ऊर्जेचे पाहावे लागतात, आणि त्यासाठी मोठा आरसा व उंच जागा हवी. लडाखमध्ये हानले येथे सुमारे ४,३०० मीटर उंचीवर भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या मेस दुर्बिणीचे उद्‌घाटन ४ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. आरशाचा व्यास २१ मीटर. अशा प्रकारची आशियातील ही सर्वांत मोठी आणि जगातील सर्वांत उंचीवरची दुर्बीण. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये कॅनरी बेटांवरील २३ मीटरच्या दुर्बिणीला ओपी ३१३ हा ब्लेझार दिसला होता. त्याचे किरण निघाले त्याला सुमारे आठशे कोटी वर्षे झाली.

नगरच्या वाचकांसाठी शेवटी एक स्थानिक सूचना. अहमद निजामशहाने आपली राजधानी जुन्नरहून हलवून हे शहर वसवले. त्या जुन्नर तालुक्यात, आपल्या पारनेरच्या शिवेपासून फार लांब नसलेल्या खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. सक्रिय दीर्घिकांच्या झोतांतून निघणाऱ्या रेडिओ लहरी तिला मिळतात. त्या लहरींना हा पार्श्वप्रकाश अडवत नाही. मार्केरियन ४२१ सप्तर्षी तारकासमूहाच्या हद्दीत आहे. एप्रिलमध्ये रात्री नऊच्या सुमारास किल्ल्याजवळ उभे राहून उत्तरेकडे तोंड केले, तर ती जागा चांगली उंचावर असते. नुसत्या डोळ्यांना तेथे काही दिसत नाही. बऱ्यापैकी मोठी हौशी दुर्बीण असली तर तेराव्या प्रतीचा एक ठिपका दिसतो.